विहाराकडून उचला

२ ऑक्टोबर

रसांजली,

हे पत्र आईचं समजू नकोस. मैदानावरच्या ताडपत्रीची मुकादम सीलावती हिचं समज. आई अजून रागावलेली आहे आणि तिचा राग काही एवढ्यात उतरायचा नाही.

कळवायचं एवढंच, की तुझ्या सासरची टीम पुन्हा इकडे, आपल्या बेटावर, येतेय. तीन एकदिवसीय सामने, त्यातला शेवटचा आमच्या मैदानावर, सहा नोव्हेंबरला. तुला हे ठाऊक असणारच. तुझे तात्ता दर रविवारी फोन घेऊन फणसाच्या झाडामागे जातात आणि त्यांना वाटतं, हिला काही कळत नाही. अगं, तुझा बाप फोनवर बोलायला लागला की अख्ख्या गल्लीला ढाक्याचं हवामान कळतं. मी आपली आत नारळ खवत बसते.

मी फोन का करत नाही, असं मनात आलं असेल. फोनवर मला राग येतो आणि राग आला की मी बटण दाबते. पत्र मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय.

तू शिवणकारखान्यात सुपरवायझर म्हणून ढाक्याला गेलीस तेव्हा मी गल्लीभर किरिबत वाटला होता, नारळाच्या दुधातला घट्ट भात. मग तिथल्याच कापणीच्या मास्तराशी, त्या अन्वारुलशी लग्न केलंस. दोन महिने मी तोंड फुगवलं, मग गिळलं. दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या भाषेचा, मासा मोहरीत शिजवणारा. म्हटलं, असू दे, पोरीला जपतो ना. पण दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी तू फोनवर जे विचारलंस, ते मात्र मला गिळता आलं नाही.

सामना आमच्याच मैदानावर होता. बांगलादेशची फलंदाजी चालू होती, अठरा षटकं झाली होती आणि ते आपल्या पुढे होते. आणखी दोन षटकं झाली असती तर पावसाच्या नियमाने ते जिंकले असते. तेवढ्यात सर आली. आम्ही मैदान झाकलं. सर थांबली, आम्ही ताडपत्री काढली. गवत भिजलेलं निघालं, पंचांनी माना हलवल्या, सामना रद्द. सगळं जग म्हणालं, पावसापुढे कोण काय करणार. आणि माझी मुलगी ढाक्याहून फोन करते. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. पहिलंच वाक्य, "अम्मा, ताडपत्री तळ्याकडून का उचललीस?"

मला विचारतेस? विहाराच्या बाजूने उचलायची, म्हणजे वर साचलेलं पाणी उताराने तळ्याकडच्या चरात जातं, आणि तळ्याकडून उचलली तर तेच पाणी मागे लोटून मधल्या गवतावर सांडतं, हे तुला शिकवलं कोणी? मीच ना? मी सांगितलं, वारा विहाराकडून होता, तिकडून उचलली असती तर बाया उडाल्या असत्या. तर म्हणतेस, "अम्मा, टीव्हीवर झेंडे लटकलेले दिसत होते." आईविरुद्ध झेंड्यांची साक्ष! मी म्हटलं, "तू आता त्यांची झालीस," आणि फोन ठेवला. अजूनही तेच म्हणेन.

यंदा गवत चांगलं आलंय.

सीलावती, मुकादम


१७ ऑक्टोबर

रसांजली,

नवी ताडपत्री आली. निळी. कोरडी असताना तीस जणांना उचलते, भिजली की साठ लागतात. काल घड्याळ लावून सराव केला. भोंगा वाजल्यापासून अख्खं मैदान झाकायला सहा मिनिटं दहा सेकंद. मैदानाचा कारभार बघणाऱ्या विमलदास साहेबांनी दोनदा घड्याळ हलवून बघितलं, बंद पडलंय की काय म्हणून.

दुसऱ्या देशांत म्हणे फक्त खेळपट्टी झाकतात आणि मग छत्रीखाली उभे राहून आभाळाकडे बघत बसतात. आपण या सीमारेषेपासून त्या सीमारेषेपर्यंत एक काडी उघडी ठेवत नाही. चौऱ्याण्णव माणसं, त्यात एकसष्ट बाया, सगळी अनवाणी. मागे एक गोरा कॅमेरावाला मला म्हणाला, असं मी जगात कुठे पाहिलं नाही. मी म्हटलं, मग जगाला सांग, इथे येऊन शिका. विमलदास साहेबांनी त्याला काय भाषांतर करून सांगितलं देव जाणे, तो हसला आणि त्याने माझे पाय चित्रात घेतले.

खेळाडूंचं काय, ते येतात आणि जातात. तुझ्या सासरचे जिंकले की त्यांचा तो नागाचा नाच करतात, आपली पोरं चिडवायला मनगटावर बोट आपटून घड्याळ दाखवतात, लोक एकमेकांच्या आया-बहिणी काढतात. पण ज्या गवतावर हे सगळं चालतं ते माझं आहे. तिथे मी कोणाला चप्पल घालून येऊ देत नाही. मंत्री आले होते, त्यांनाही नाही दिलं.

ताडपत्रीची सतरावी दोरी अजून मोकळी आहे. सोळावी मी धरते, अठरावी पद्मिनी, आणि मधली तुझी जागा आम्ही दोघी हात ताणून भरतो. विमलदास साहेब विचारत होते, तिथे नवीन मुलगी लावू का. मी म्हटलं, मुलगी आहे, रजेवर आहे. ते म्हणाले, "अक्का, सहा वर्षांची रजा कुठल्या नियमात बसते?" मी म्हटलं, माझ्या.

तात्तांच्या तोंडून परवा निसटलं. तुझ्या मुलीचं नाव मेघला ठेवलंय म्हणे. मेघला! तीस वर्षं मी ज्या ढगांशी भांडतेय त्यांचंच नाव नातीला! तुझ्या मास्तरला दुसरं काही सुचलं नाही? नाव तसं वाईट नाही. काल मैदानावर कोणी नव्हतं, तेव्हा मी एकदा मोठ्याने म्हणून बघितलं.

सीलावती


२९ ऑक्टोबर

रसांजली,

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमनने दारात उभं राहून सांगितलं, "अक्का, परदेशातून आलंय, जड काही दिसत नाही." जड कसलं, आत दोन ओळी. "अम्मा, पत्र मिळालं. उत्तर मिळालं नाही."

वा गं वा! ही जीभ कोणाची घेतलीस ते तुझ्या बापाला विचारायला नको. ते वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना पाणी दिलं नाही.

पुन्हा सांगते. वारा होता. थोडा होता, पण होता. तुला आठवतं ना, तू दहा वर्षांची असताना वारा ताडपत्रीखाली शिरला आणि चंद्रलता अक्का झोपाळ्यासारखी वर उचलली गेली. तिचा हात अजून सरळ होत नाही. मुकादमाला माणसं सांभाळायची असतात. तुला एवढाच संशय असेल तर पद्मिनीला विचार, ती माझ्या शेजारी होती.

नको, तिला विचारू नकोस. ती सध्या कामात आहे.

सीलावती


४ नोव्हेंबर

रसांजली,

पहिला सामना आपण जिंकला. मुद्दाम लिहितेय, तुझ्या घरी त्या दिवशी काय चेहरे झाले असतील ते डोळ्यांसमोर आणून. दुसरा काल पावसात वाहून गेला, तो दुसरीकडे होता, तिथली माणसं माझ्या हाताखालची नाहीत. म्हणजे आता परवा आमच्याकडे पाऊस आला आणि खेळ झालाच नाही, तर मालिका आपली.

गावात मला सध्या भारी भाव आलाय. पानवाल्याने पानाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "अक्का, परवा ताडपत्री उचलताना जरा हात जड ठेवा, मागच्यासारखा." भाजीवाली म्हणाली, "तुमच्या हातात देशाची अब्रू आहे हो." पद्मिनीचा नवरा तर म्हणाला, संघात अकरा खेळतात आणि बारावी आमची सीला अक्का.

मागच्या वेळीही असंच केलं होतं लोकांनी. हार घातला होता. त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं, खोटं कशाला लिहू? पण तू फोन केलास तेव्हा तो हार माझ्या गळ्यातच होता. फोन ठेवल्यावर काढला आणि विहारातसुद्धा वाहिला नाही. असा हार बुद्धापुढे ठेवायला हात धजेना. विहिरीमागे टाकून दिला.

हे का लिहिलं कोण जाणे. पुसत नाही आता, शाई आहे.

सीलावती


७ नोव्हेंबर

रसांजली,

सामना तू बघितला असशील. तरी मी सांगते, कारण टीव्हीवर अर्धंच दिसतं.

आपण आधी खेळलो आणि दोनशे एकतीस केल्या. जेवणाची सुट्टी संपता संपता तळ्यापलीकडे काळं झालं. मी भोंग्याची वाट बघितली नाही, शिट्टी मारली. सहा मिनिटांच्या आत मैदान झाकलं. मग दीड तास असा कोसळला की ताडपत्रीवर गुडघ्याएवढं तळं झालं. आमच्या बाया छपराखाली उभ्या, साड्या पिळत, गुळाचा खडा तोंडात धरून कोरा चहा पीत. प्रेक्षक मात्र पावसात नाचत होते. पाऊस पडेल तेवढी मालिका आपली होत होती ना!

पावणेतीनला थांबला. पंच आले, म्हणाले, तीन पन्नासपर्यंत मैदान तयार झालं तर वीस षटकांचा खेळ होईल, बांगलादेशला एकशे बेचाळीस धावा हव्यात. नाही तर सामना रद्द. विमलदास साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

आम्ही दोऱ्या धरायला गेलो. आणि रसांजली, तेव्हा पद्मिनी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "अक्का, तळ्याकडून ना? मागच्यासारखं?"

दोन वर्षं मी समजत होते की गाव नुसतं थट्टेनं बोलतं, खरं काय ते जगात फक्त एका माणसाला कळलंय, आणि ते माणूस ढाक्यात आहे, आणि त्याच्याशी मी बोलत नाही. मी इकडे तिकडे बघितलं. चौऱ्याण्णव माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी. सगळ्यांना ठाऊक होतं गं. त्या दिवशीच ठाऊक होतं. दोन वर्षं सगळ्यांनी ते पोटात ठेवलं, माझ्या पानात भाजी वाढली, मला अक्का म्हणाले, आणि एकाने शब्द काढला नाही.

तर घे तुझं उत्तर. वारा नव्हता. एक पानसुद्धा हलत नव्हतं. ते दोन षटकांत जिंकणार हे मला दिसत होतं, त्यांचा तो नाच माझ्या गवतावर होणार हे दिसत होतं, आणि मी "तळ्याकडून" म्हणून ओरडले. हात चुकला नाही. मीच चुकवला. तू विचारलंस तेव्हा तुझा राग आला नाही, माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी भांडते. तू त्यांची झालीस असं म्हटलं. तू मैदानाची होतीस, मीच तेवढ्यापुरती राहिले नव्हते.

मी पद्मिनीचा हात बाजूला केला आणि पोटातून ओरडले, "विहाराकडून! विहाराकडून उचला!"

आवाज फाटला माझा. क्षणभर कोणी हललं नाही. मग म्हातारी चंद्रलता अक्का, जिचा हात सरळ होत नाही ती, म्हणाली, "ऐकू नाही आलं का गं भवान्यांनो? मुकादम काय म्हणतेय?" आणि सगळी रांग विहाराच्या बाजूला धावली. साठ जणांनी उचललं, आणि ते सगळं तळं गडगडत उताराला लागलं आणि चरात गेलं. एक थेंब गवतावर नाही. तीस वर्षांत मी असं उचललेलं बघितलं नाही. मी तिथे होते म्हणून सांगत नाही, खरंच नाही.

तरी कडेकडेने ओल होतीच. बाया गुडघ्यांवर बसल्या, स्पंज आणि बादल्या घेऊन. स्पंज कमी पडले तेव्हा पद्मिनीने पदर लावला. विमलदास साहेबांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझ्या शेजारी बसून पुसायला लागले. प्रेक्षकांना कळलं आम्ही काय करतोय. एकजण कठड्यावर चढून ओरडला, "ए म्हातारे, पगार ढाक्याहून येतो काय तुला?"

मी मान वर न करता ओरडले, "पगार इथूनच येतो, म्हणून काम इथल्यासारखं करते! हरवायचं असेल तर सुक्या मैदानावर हरवा!"

बाया हसल्या. तीन चव्वेचाळीसला पंचांनी तळवा टेकवला, उलटा करून बघितला, कोरडा. मान हलवली.

पुढचं तू बघितलंस. शेवटच्या षटकात त्यांना तीन धावा हव्या होत्या आणि त्या डावखुऱ्या पोराने चेंडू कापला. तो नेमका त्या तुकड्यावरून गेला, जिथे दोन वर्षांपूर्वी मी पाणी सांडलं होतं. असा सरसर गेला की क्षेत्ररक्षक तीन पावलंसुद्धा धावला नाही. माझ्या गवतात तो कुठे अडला नाही. मालिका बरोबरीत गेली, चषक वाटून घ्यावा लागला, आणि तिकडच्या वीस-पंचवीस लोकांनी गवताच्या बांधावर नागाचा नाच केला. तो मला अजूनही अजिबात आवडत नाही, तुझ्या नवऱ्याला सांग. मला रडू आलं, हरलो म्हणून. आपण हरलेलं मला आजन्म आवडणार नाही. तात्ता जेवले नाहीत. पानवाल्याने आज पानाचे पूर्ण पैसे घेतले, आणि वर चुना कमी लावला.

पण सकाळी मी विहारात गेले आणि फुलं वाहिली. हात अडला नाही. बाहेर आले तर आमच्या बाया पायऱ्यांवर बसलेल्या. चंद्रलता अक्काने मला केळ दिलं, अर्धं.

रसांजली, माझं चुकलं. सामन्यात चुकलं ते वेगळं, ते मी काल धुतलं. तुझ्याशी चुकलं ते कसं धुवायचं, मला ठाऊक नाही. त्याला ताडपत्री नाही.

अम्मा


१ डिसेंबर

पोरी,

तुझं चार पानी पत्र मी तीनदा वाचलं. तात्तांना एकदाच दिलं, नाहीतर त्यांनी ते गल्लीत वाचून दाखवलं असतं. तरी दाखवलंच.

कारखान्याच्या खानावळीत टीव्हीपुढे बसून सगळे, खेळाडू कधी येतात म्हणून, वाट बघत होते आणि तू एकटी ताडपत्री बघत होतीस, ती विहाराकडून उठली तेव्हा तू टेबलावर हात आपटून "अम्मा!" म्हणून ओरडलीस, आणि कापणी खात्यातले लोक विचारायला लागले, खेळ सुरू नाही, मग कोण बाद झालं? हे वाचून मी हसले का रडले ते सांगत नाही. पद्मिनीला वाचून दाखवलं, ती मात्र रडली, तिचं नाव लिहायला हरकत नाही.

एप्रिलमध्ये आपल्या नव्या वर्षाला तिघं येताय, तर आत्ताच काही गोष्टी ठरवून टाकते. मासा नारळाच्या दुधातच होईल. मोहरी आणायची असेल तर आणा, तात्तांना चव बघायची आहे, मला नाही. माझ्या अंगणात नागाचा नाच चालणार नाही. अन्वारुलने केलाच, तर तात्तांनी मनगटावर बोट आपटायची तयारी चालवलीय, सकाळ-संध्याकाळ आरशापुढे. त्याला सांग, दोन वर्षांपूर्वी त्याच्या लोकांची जी दोन षटकं मी बुडवली होती, ती परत केलीत. आता पुढच्या वेळी आम्ही हरवणार, आणि दणकून हरवणार.

आणखी एक. नव्या वर्षानंतर आठवड्याने इथे जिल्ह्याचा सामना आहे. एप्रिलमध्ये दुपारी सर येते, तुला ठाऊकच आहे. आली तर मेघलाला तात्तांच्या मांडीवर दे, आपलं नाव कसं कोसळतं ते तिलाही बघू दे. मास्तरला एकोणिसाव्या दोरीला उभं करू, तिथली मुलगी बाळंतपणाला गेलीय. चपला सीमारेषेबाहेर काढायला सांग, जावई असला तरी.

आणि तू सतराव्या दोरीवर ये. मी सोळावी धरून उभी असेन. कुठून उचलायची, ते आता तुला विचारावं लागणार नाही.

तुझी अम्मा